हिरकणीचें काम

महाराष्ट्रांत ‘हिरकणी’ हा शब्द उच्चारला कीं रायगडाचा तुटलेला कडा आणि तान्ह्या लेंकरासाठीं रात्रींच्या अंधारांत तो उतरून जाणारी गवळण आठवते. गडावरील एका बुरुजाला तिचें नांव मिळालें आणि तिची कथा घरोघर पोंचली. परंतु हा शब्द मूळचा जवाहिऱ्याच्या पेढीवरचा आहे. हिऱ्याची कणी ती हिरकणी. हिरा फोडतांना जे बारीक तुकडे उडतात, किंवा खाणींतूनच जे खडे कोंदणांत बसविण्याजोगे निघत नाहींत, ते या नांवानें ओळखले जातात. जुन्या कथांतून हिरकणी भेटते ती बहुधा विषाच्या रूपानें. अपमान सहन न झालेला एखादा मानी पुरुष अंगठींतील हिरकणी गिळून प्राण देतो. प्रत्यक्षांत मात्र या कणीचें आयुष्य कष्टांत गेलें आहे. कारागिराच्या हातांतील लोखंडी सळईच्या टोंकाला बसून कठीण दगडांना भोंकें पाडणें, हें तिचें दोन हजारांहून अधिक वर्षांचें काम.

राजमुकुटांतील हिऱ्यांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. कोहिनूर कोणत्या खजिन्यांतून कोणत्या खजिन्यांत गेला, हें शाळेंतील मुलांनाहि पाठ असतें. हिरकणीचा इतिहास कोणत्याहि दरबारानें लिहून ठेवला नाहीं. तो मण्यांच्या भोंकांत कोरलेला आहे, आणि तो वाचण्याची विद्या गेल्या कांहीं दशकांतच साध्य झाली. त्या इतिहासाचें मुख्य ठिकाण म्हणजे गुजराथेंतील खंबायत शहर. अकीकाचे मणी घडवून जगाला पुरविणारें असें दुसरें प्राचीन गांव क्वचितच दाखवितां येईल. या हकीकतींत एक प्रश्न आरंभापासून दडलेला आहे. ज्या हत्यारानें आठवड्याचें काम घटकेवर आणून ठेवलें, त्यानें वाचविलेला वेळ अखेर कोणाच्या पदरांत पडला?

अकीक हा दगड मराठी माणसाच्या पायाखालचाच आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्या तप्त रसांत वायूचे बुडबुडे अडकून पडले, आणि रस थिजला तेव्हां त्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या. पुढें लक्षावधि वर्षें खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यानें आपल्याबरोबर सिलिका आणली व त्या पोकळ्यांच्या भिंतींवर तिचीं पुटें चढविलीं. पोकळी भरत आली कीं अकीकाची गांठ तयार झाली. भोंवतालचा काळा खडक उन्हापावसानें झिजून माती होतो. अकीकाची गांठ तशी झिजत नाहीं. ती मोकळी होऊन ओढ्यानाल्यांतून वाहत जाते आणि नदीच्या वाळूंत विसावते. गोदावरीच्या व भीमेच्या खोऱ्यांत असे गोटे आजहि सांपडतात. परंतु त्यांचा विख्यात सांठा आहे तो भडोच जिल्ह्यांतील रतनपूर गांवच्या आसमंतांत. तेथें मातीच्या व वाळूच्या थरांखालीं हे गोटे गाडलेले असतात आणि खड्डे खणून ते वर काढावे लागतात.

दिसावयास सुंदर असलेला हा दगड कारागिराची मोठी परीक्षा पाहतो. १८१२ सालीं फ्रीड्रिख मोझ या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें खनिजांच्या कठीणपणाचा क्रम लावून दिला. त्यांत अकीकाचें स्थान साडेसहा ते सात यांच्या दरम्यान येतें, कुरुंदाचें नऊवर आणि हिऱ्याचें दहावर. साधें लोखंड अकीकाच्या बरेंच खालीं राहतें. म्हणून नुसत्या लोखंडी टोंच्यानें अकीकाला भोंक पाडूं गेल्यास टोंच्याच बोथट होतो. हे आंकडे केवळ क्रम दाखवितात, प्रमाण दाखवीत नाहींत. कुरुंद आणि हिरा यांमध्यें एकाच अंकाचें अंतर दिसत असलें, तरी प्रत्यक्षांत हिरा कुरुंदाहून कित्येक पटींनीं कठीण आहे. कुरुंदाची पूड अकीकाला हळूहळू घासते; हिऱ्याची कणी त्याला कोरीत जाते.

गोट्याचा मणी व्हावयाचा तर तीन कामें पडतात: त्याला आकार द्यावयाचा, त्याला झिलई आणावयाची आणि त्याला आरपार भोंक पाडावयाचें. यांत तिसरें काम सर्वांत नाजूक. आकारांत किंचित् उणें राहिलें तर तें चालून जातें आणि झिलई पुन्हां चढवितां येते. भोंक चुकलें तर मात्र मागची सारी मेहनत फुकट जाते. आणि भोंकच नसेल तर तो मणी नव्हे, मुलांनीं खेळावा असा खडा.

या विद्येचा आरंभ हिरकणीपासून झालेला नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हिऱ्याचा उपयोग ठाऊक होण्याच्या कितीतरी आधीं सिंधूकांठच्या लोकांनीं तांबड्या अकीकाचे लांबलचक मणी घडविले. १९३५-३६ सालीं अर्नेस्ट मॅके यांनीं सिंधमधील चन्हुदारो येथें उत्खनन केलें, तेव्हां मण्यांचा कारखानाच उघडकीस आला. अर्धवट घडविलेले मणी, भोंक पाडतांना मधेंच तुटलेले मणी आणि दगडाच्याच बारीक सळया तेथें पडून होत्या. या सळया ज्या हिरवट-काळसर व अतिशय कठीण दगडाच्या होत्या, त्याला जोनाथन मार्क केनोयर व मासिमो विडाले या संशोधकांनीं १९९२ सालीं मॅके यांच्या स्मरणार्थ ‘अर्नेस्टाइट’ असें नांव दिलें. तशा सळईनें प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिला असतां तासाभरांत अकीकांत सुमारें अडीच मिलिमीटर भोंक पडतें असें आढळलें. म्हणजे चार इंच लांबीचा एक मणी छेदण्यास चाळीस तासांचें काम. कराचीजवळील अल्लाहदिनो येथें ३६ लांब मण्यांचा एक कमरपट्टा सांपडला आहे; तो घडविण्यास ४८० हून अधिक कामाचे दिवस लागले असावेत, असा केनोयर यांचा हिशेब आहे. असे मणी समुद्रापार मेसोपोटेमियांत जात. ऊर येथील राजघराण्याच्या दफनभूमींत, पुआबी राणीच्या थडग्यांत, लिओनार्ड वूली यांना ते मिळाले. इतके दिवस खाणारी वस्तु राणीच्याच अंगावर शोभावी, यांत नवल नाहीं.

सिंधु-संस्कृतीचीं नगरें ओस पडलीं, त्यांच्याबरोबर त्या दगडी सळयाहि गेल्या. मण्यांची आवड मात्र राहिली. लोखंड आलें, पण लोखंडाला अकीक दाद देईना. येथें हिरकणी पुढें आली. ती हिंदुस्थानांतच पुढें यावी, हें स्वाभाविक होतें. इ. स. १७२५ च्या सुमारास ब्राझीलमधील खाणी उघडेपर्यंत जगाला लागणारा हिरा बहुतांशीं याच देशांतून जात असे. कृष्णेच्या खोऱ्यांतील कोल्लूर आणि मध्य हिंदुस्थानांतील पन्ना ही त्याचीं प्रसिद्ध स्थानें. जेथें हिरा निघतो तेथें कणीहि निघते, आणि जेथें कणी दागिन्यास निरुपयोगी ठरते तेथें कोणातरी कारागिराचें लक्ष तिच्याकडे जातें.

हा प्रसंग नेमका कोणत्या वर्षीं घडला, हें कोरीव लेखांतून मिळत नाहीं. तथापि साहित्यांत त्याच्या खुणा आहेत. रोमन ग्रंथकार प्लिनी इ. स. ७९ मध्यें मरण पावला. हिऱ्याचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे तुकडे लोखंडांत बसवून नक्षीदार कोरीव काम करणारे लोक ते वापरतात व कोणताहि कठीण पदार्थ त्यांनीं सहज कोरतां येतो, असें त्यानें नोंदविलें आहे. आपल्याकडे कालिदासानें रघुवंशाच्या आरंभींच हा व्यवहार उपमेसाठीं घेतला आहे. पूर्वसूरींनीं मार्ग मोकळा करून ठेवलेल्या रघुकुलांत आपला प्रवेश कसा होणार, हें सांगतांना त्याला वज्रानें छेदलेल्या मण्यांतून सहज जाणारा दोरा आठवतो. उपमा श्रोत्याला तत्काळ पटावी लागते. हिऱ्यानें मणी छेदतात ही गोष्ट रसिकांच्या रोजच्या माहितीची नसती, तर कालिदासानें ती एवढ्या महत्त्वाच्या स्थळीं योजली नसती.

याहून निर्विवाद पुरावा अलीकडे मिळाला, आणि तो आणला दांतांच्या अभ्यासकांनीं. लिओनार्ड गोरेलिक आणि जॉन ग्विनेट या अमेरिकेंतील दोघां संशोधकांचा व्यवसाय दंतवैद्यकाचा. दांताचा ठसा घेण्यासाठीं जो रबरासारखा पदार्थ वापरतात, तो त्यांनीं प्राचीन मण्यांच्या भोंकांत भरला. तो बाहेर काढला कीं भोंकाच्या आंतील भिंतीची हुबेहूब प्रतिमा हातीं येई. ती त्यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासली. पुडीनें घासून पाडलेल्या भोंकाची भिंत निराळी दिसते. हिरकणीनें पाडलेल्या भोंकांत एकाखालीं एक असे ठळक व नियमित गोल चरे उमटतात. हे चरे दक्षिणेंतील अरिकमेडूसारख्या प्राचीन बंदराच्या मण्यांतहि दिसून आले. १९८८ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि भारतांतून रोमपर्यंत पोंचलेल्या या विद्येचा माग लावून दिला. कारागीर कोण होते हें आज सांगतां येत नाहीं, परंतु त्यांच्या हाताची खूण त्या भोंकांत शाबूत आहे.

या व्यापारांत महाराष्ट्राचाहि वांटा होता. इ. सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रीक नौकानयन-ग्रंथांत भडोच बंदराचें वर्णन आहे. पैठण हें भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, तेर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, असें तो ग्रंथकार सांगतो. तेरहून कापड येई आणि पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचा मौल्यवान दगड भडोचास मोठ्या प्रमाणावर जाई. धड रस्ता नसलेल्या मुलखांतून गाड्या भरून हा माल समुद्राकडे उतरत असे. पैठण, तेर, नेवासें व भोकरदन येथें जीं उत्खननें झालीं, त्यांत रंगीत दगडांचे मणी विपुल मिळाले आहेत. सातवाहनांच्या नाण्यांवर व लेण्यांवर आपण अभिमानानें बोलतों. त्याच काळांत नदीच्या पात्रांतून गोटे वेंचणारीं माणसेंहि त्या वैभवाला हातभार लावीत होतीं.

पुढें मध्ययुगांत भडोचच्या शेजारीं, मही नदीच्या मुखावर, खंबायतचें नांव झालें. तेथें अरबस्तानचीं, इराणचीं आणि आफ्रिकेचीं गलबतें लागत. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज अधिकारी दुआर्ते बार्बोझा यानें खंबायतच्या समृद्धीचें वर्णन लिहिलें, आणि अकीक जेथें मिळतो त्या लिमोद्रा गांवाचाहि उल्लेख केला. दगड विस्तवांत भाजून अधिक तांबडा करितात, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर या सिद्दी संताचा दर्गा आहे. ते हबसाणांतून आले आणि त्यांनीं अकीकाच्या व्यापारास चालना दिली, अशी परंपरा आहे. अकीकाचें काम करणारे लोक त्यांना आपला आश्रयदाता मानीत आले. मणी आफ्रिकेस जात असत, आणि त्या मण्यांचा रक्षणकर्ता मात्र आफ्रिकेंतून येथें आला, हें समुद्रानें जोडलेलें नातें मोठें बोलकें आहे.

खंबायतच्या कामाची रीत १८८० सालीं निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्यें जेम्स कॅम्पबेल यांनीं तपशीलवार दिली, आणि १९८० नंतर केनोयर, विडाले व कुलदीप भान यांनीं ती नव्यानें अभ्यासिली. प्रथम गोटे उन्हांत वाळवितात. मग ते मातीच्या भांड्यांत घालून गोंवऱ्यांच्या मंद आंचेंत भाजतात. दगडांत अल्पांशानें असलेल्या लोहाचा उष्णतेनें गंज होतो आणि पिवळट गोटा तांबडा बनतो. त्यानंतर घडणारा कारागीर जमिनींत रोंवलेल्या अणकुचीदार लोखंडी खुंटीवर दगड टेंकवितो व म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें त्यावर हलके ठोके देतो. घाव वरून बसतो, पण टवका उडतो तो खुंटीला टेंकलेल्या बाजूनें. लोखंडाची हातोडी येथें चालत नाहीं; तिच्या आघातानें दगड फुटेल. शिंग घावाचा जोर मऊ करितें. मग मणी घासून गुळगुळीत करावयाचा. झिलईसाठीं पूर्वीं शेंकडों मणी चामड्याच्या पिशवींत भरीत, त्यांत घासणारी पूड व पाणी घालीत, आणि दोन माणसें समोरासमोर बसून ती पिशवी दहा-पंधरा दिवस एकमेकांकडे लोळवीत राहत. मणी मण्याला घासून चकाकी येई. आतां तेंच काम विजेवर फिरणारीं पिंपें करितात.

भोंक पाडणाऱ्याचें हत्यार सुताराच्या सामत्याच्या जातीचें. मणी लांकडाच्या चिमट्यांत घट्ट धरलेला असतो. बारीक लोखंडी सळई दोरीच्या कमानीनें पुढेंमागें फिरते. सळईच्या टोंकाला, दोन कडांना समोरासमोर, दोन हिरकण्या बसविलेल्या असतात. त्या बसविणें हेंच स्वतंत्र कसब आहे. टोंकाला बारीक खांचा घ्यावयाच्या, मोहरीहूनहि लहान असलेल्या कण्या त्यांत ठेवावयाच्या आणि लोखंड दाबून त्यांना पक्कें धरावयाचें. एकाऐवजीं दोन कण्या ठेवण्यांत मर्म आहे. त्या सळईच्या कडेच्या किंचित् बाहेर येतात. त्यामुळें भोंक सळईहून थोडें मोठें पडतें आणि सळई आंत अडकत नाहीं. कमान उजवीकडे जावो कीं डावीकडे, कणी दगडाला खरवडीतच असते. अर्ध्यावर आल्यावर मणी उलटून दुसऱ्या बाजूनें आरंभ करितात, म्हणजे बाहेर पडतांना कडा फुटत नाहींत. दोन्हीं भोंकें मध्यभागीं अचूक मिळावीं लागतात, आणि तेथें डोळा उपयोगी पडत नाहीं. हातालाच समजावें लागतें.

या सर्व वेळांत टोंकाशीं थेंब थेंब पाणी पडत असतें. तें टोंकाला थंड ठेवितें आणि निघालेली पूड चिखलाच्या रूपानें बाहेर वाहून नेतें. पाण्यावांचून हें काम चालतच नाहीं. या थेंबाचा विचार पुढें करावयाचा आहे.

अशा रीतीनें साधारण मण्यास भोंक पाडण्यास कांहीं मिनिटें लागतात. सिंधूच्या कांठीं ज्या कामास दिवस लागत, तें हिरकणीनें मिनिटांवर आणलें. त्याचा परिणाम पुरातन बाजारावर झाला. राणीच्या थडग्यांत सांपडणारा मणी आतां सामान्य स्त्रीच्या गळ्यांत दिसूं लागला. यात्रेकरूच्या हातीं अकीकाची तसबी आली. औषधें खलणाऱ्याला अकीकाचा खल मिळाला. श्रोत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं आजोबांच्या पेटींत अकीकाची अंगठी किंवा शिक्का असेल. ही वस्तु स्वस्त झाली, दूरवर पसरली, हें हिरकणीचें उघड यश.

कारागिराच्या वांट्यास मात्र वेळ आला नाहीं. मणी लवकर होऊं लागला, म्हणून त्याची किंमत उतरली. किंमत उतरली, म्हणून पोट भरण्यासाठीं अधिक मणी छेदावे लागले. दगड विकत घेणारा, तो कामास लावणारा आणि माल परदेशीं पाठविणारा व्यापारी निराळा. खुंटीवर बसणारा, कमान ओढणारा निराळा. दरम्यान खंबायतचें बंदर गाळानें भरत गेलें. मोठीं जहाजें आधीं सुरतेस आणि मग मुंबईस जाऊं लागलीं. खंबायतचे मणीहि मुंबईच्या वाटेनें बाहेर पडूं लागले. १८३० च्या दशकापासून जर्मनींतील इडार-ओबरश्टाइन येथें ब्राझीलचा अकीक येऊं लागला. तेथील कारागीर ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या प्रचंड दगडी चाकांसमोर पालथे पडून दगड घाशीत. आफ्रिकेच्या बाजारासाठीं त्यांनीं खंबायतच्या घाटाचे मणी बनविण्यास आरंभ केला. तीन खंडांत चाललेल्या या चढाओढींत दर ठरवीत ते दूरचे लोक. खंबायतचें नबाबी संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें. राज्य बदललें, पण मण्यामागें मजुरी मोजण्याची पद्धति तशीच राहिली.

विसाव्या शतकांत खंबायतच्या गल्ल्यांत वीज आली आणि घासण्याचें काम एमरीच्या चाकांवर होऊं लागलें. येथें हत्यारानें पुन्हां एकदां वेळ वांचविला, परंतु या वेळीं त्याची किंमत शरीरानें भरली. कोरड्या वेगवान चाकावर अकीक धरला कीं सिलिकेची सूक्ष्म धूळ उधळते. ती डोळ्यांना दिसते त्याहून न दिसणारी अधिक घातक. श्वासाबरोबर ती फुप्फुसाच्या तळाशीं पोंचते, तेथें व्रण धरतात आणि फुप्फुसाचा मऊ भाग कठीण होत जातो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर उतारा नाहीं. आणि त्यानें ग्रासलेल्या माणसास क्षयहि लवकर जडतो. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें व इतर तज्ज्ञांनीं खंबायतच्या कारागिरांची तपासणी केली, तेव्हां घासणाऱ्यांमध्यें हा रोग मोठ्या प्रमाणावर असल्याचें सिद्ध झालें. चाकें घरांतच किंवा घराच्या ओसरीवर चालतात. म्हणून ज्यांनीं कधीं चाकाला हात लावला नाहीं अशा घरच्या माणसांच्या व शेजाऱ्यांच्या छातींतहि ती धूळ गेली.

येथें पाण्याच्या त्या थेंबाची आठवण करणें अगत्याचें आहे. एकाच गल्लींत, कित्येकदां एकाच कुटुंबांत, दोन कामें चालतात. हिरकणीनें भोंक पाडणारा ओलें काम करितो, आणि त्याच्यापुढें पडतो तो चिखल. चाकावर घासणारा कोरडें काम करितो, आणि त्याच्यापुढें उडते ती धूळ. दगड एकच, पूड एकाच जातीची. पाणी असलें कीं ती खालीं बसते, नसलें कीं छातींत जाते. भोंकाशीं पाणी ठेविलें गेलें तें माणसासाठीं नव्हे, महाग कणी जळूं नये म्हणून. कणीची काळजी घेतांना माणसाची काळजी आपोआप घेतली गेली. एमरीचें चाक स्वस्त होतें, त्याला पाण्याची गरज नव्हती. म्हणून तेथें माणसाकडेहि कोणीं पाहिलें नाहीं.

यावर उपाय ज्ञात आहेत. वरील संस्थेनें चाकाशींच धूळ ओढून घेणारीं साधनें तयार केलीं व तीं खंबायतेंत बसवूनहि दाखविलीं. तोंडाला फडकें बांधणें हें समाधान आहे, संरक्षण नव्हे. धूळ निघते तेथेंच ती पकडली पाहिजे किंवा भिजविली पाहिजे. या साधनांना थोडा खर्च येतो, जागा लागते, वीज लागते. मण्यामागें कांहीं पैसे मिळविणाऱ्या माणसानें तो खर्च एकट्यानें करावा, अशी अपेक्षा करणें म्हणजे तो कधींच होऊं नये असें म्हणण्यासारखें आहे.

हिरकणीचेंहि मधल्या काळांत रूप पालटलें. १८६० च्या दशकांत जिनीव्हाचे जॉर्ज लेशो यांनीं पोलादी नळीच्या तोंडाशीं हिरे बसवून खडक छेदणारें यंत्र योजिलें. खंबायतच्या सळईंतील तत्त्वच तेथें डोंगर पोंखरण्यास उपयोगी पडलें. १९५४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंत, प्रचंड दाब व उष्णता यांच्या साह्यानें कोळशाच्या जातीच्या कार्बनपासून हिऱ्याचे बारीक स्फटिक तयार करण्यांत यश आलें, आणि पुढल्या वर्षीं तें जाहीर झालें. आज कारखान्यांत खपणारी हिरकणी बहुतेक सारी अशी कृत्रिम असते. मुंबई-पुण्याच्या घरांतील स्वयंपाकाचा ग्रॅनाइटचा ओटा तिच्याच कामाची साक्ष आहे. राळेंत कालविलेल्या हिऱ्याच्या पुडीच्या चकत्या दगडावर फिरवितात. आधीं जाड कणांची, मग क्रमाक्रमानें बारीक कणांची. प्रत्येक चकती मागचीचे ओरखडे पुसते व आपले अधिक सूक्ष्म ओरखडे ठेवते. ते इतके बारीक झाले कीं प्रकाशाला त्यांची अडचण वाटेनाशी होते, तेव्हां दगडांत तोंड दिसूं लागतें. दगडाची झिलई म्हणजे दुसरें कांहीं नसून डोळ्यांना न दिसणारे ओरखडे होत.

चांगल्या कारखान्यांत हें सारें काम पाण्याच्या धारेखालीं चालतें. जेथें पाण्याचा कंटाळा करून कोरडा दगड घासला अगर कापला जातो, तेथें खंबायतचीच धूळ उडते. मग तें ठिकाण मोठ्या शहरांत नव्यानें उभी राहत असलेली इमारत कां असेना. घरांत फरशी किंवा ओटा बसवितांना कारागीर कोरडा दगड कापूं लागला, तर त्याला बादलीभर पाणी देणें आणि तें वापरावयास लावणें, हें घरधन्याच्या हातचें आहे.

हिरकणीनें आपलें काम चोख केलें. तिनें दिवसांचीं मिनिटें केलीं, राणीचा दागिना चारचौघींच्या गळ्यांत घातला आणि काळ्या खडकांत गाडलेला रंग जगाच्या बाजारांत नेला. वांचलेला वेळ कोणी घ्यावा, हें ठरविणें तिच्या हातीं नव्हतें. तें माणसांनीं ठरविलें, आणि आजवर बहुधा मणी छेदणाऱ्याच्या विरुद्ध ठरविलें. सिंधूकांठीं चाळीस तास एका मण्यापाशीं बसणारा आणि खंबायतेंत चाळीस मिनिटांत अनेक मणी उरकणारा, या दोघांचें कसब एकाच तोलाचें आहे. दुसऱ्याच्या हातीं अधिक चांगलें हत्यार आलें. त्याचें आयुष्यहि अधिक चांगलें व्हावयास हवें, एवढाच हिशेब अद्याप पुरा व्हावयाचा आहे.